मॉनिटर मध्येच काळा पडतो? नवी केबल मागवण्याआधी हे करून पाहा

लॅपटॉपला किंवा पीसीला जोडलेला मॉनिटर काम चालू असताना अचानक काळा पडतो. कधी दोन सेकंदांत परत येतो, कधी बटण बंद-चालू केल्याशिवाय येतच नाही. दुकानात नेला की मात्र दिवसभर मुकाट चालतो आणि ‘याला काहीच झालेलं नाही’ एवढं ऐकून तुम्ही परत येता. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याने तो स्वतःच्या केबलने, स्वतःच्या पीसीला, स्वतःच्या बोर्डावर लावून पाहिलेला असतो. तुमची केबल, तुमचा लॅपटॉप आणि तुमचं एक्स्टेंशन घरीच राहिलेलं असतं, आणि मधूनमधून डिस्प्ले जाण्याच्या तक्रारीत दोष बहुतेक वेळा या तिघांतच कुठेतरी असतो.

म्हणून मॉनिटर उचलण्याआधी तो आहे त्या जागीच तपासायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले आणि त्रास थांबला, तर कशामुळे थांबला ते कळत नाही. आठवड्याने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हाताशी काय हवं

- चालू स्थितीतली दुसरी केबल, शक्यतो दीड-दोन मीटरच्या आतली. शेजाऱ्याची उसनी चालेल.
- दुसरा एखादा सोर्स: दुसरा लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, काहीही.
- मोबाइलचा टॉर्च.
- कागद-पेन. डिस्प्ले कधी गेला, किती वेळ गेला आणि त्या क्षणी घरात काय घडलं, एवढंच टिपायचं.
- मॉनिटरचं बिल आणि मागच्या स्टिकरवरचा मॉडेल व सिरियल नंबर. स्टिकरचा फोटो आत्ताच काढून ठेवा. मॉनिटर भिंतीवर टांगलेला असेल तर नंतर तो वाचता येत नाही.

## १. काळा म्हणजे नेमका कसा काळा?

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि निम्मं निदान इथेच होतं. डिस्प्ले गेला की हलवाहलव करू नका. आधी मॉनिटरच्या पॉवर बटणाजवळचा छोटा दिवा बघा.

दिवा पूर्ण विझला. मॉनिटरला वीजच मिळत नाही. थेट पायरी २.

‘नो सिग्नल’ अशी पाटी आली, मग दिवा नारिंगी झाला किंवा लुकलुकू लागला. मॉनिटर ठीक आहे. कॉम्प्युटरकडून चित्र येणं थांबलंय. कारण स्लीप सेटिंग, ड्रायव्हर, डॉक (एका पोर्टातून अनेक जोडण्या देणारा डबा) किंवा पोर्ट.

एक ते तीन सेकंद काळा, मग आपोआप परत. दिवा जसाच्या तसा. जोडणी क्षणभर तुटली आणि पुन्हा जुळली. केबल, कन्व्हर्टर किंवा बाहेरचा विद्युत अडथळा. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच.

दिवा नेहमीसारखा, पाटी नाही, आवाज चालू, आणि परत येतच नाही. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरा आणि स्क्रीनवर मारा. पुसट आयकॉन किंवा खिडक्यांच्या कडा दिसल्या तर चित्र येतंय, मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट गेलाय. पायरी ८.

गाणं एकाच सुरावर अडकलं, कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नाही. कॉम्प्युटरच गोठलाय. मॉनिटरला दोष देऊ नका.

डिस्प्ले बराच वेळ काळा राहत असेल तर आणखी एक परीक्षा आहे: काळ्या स्क्रीनवरच मॉनिटरचं मेनू बटण दाबा. मेनू किंवा एखादी पाटी उमटली तर पॅनेल (चित्र उमटवणारा काचेचा भाग) आणि बॅकलाइट दोन्ही शाबूत आहेत.

लॅपटॉपवाल्यांनी उघड्या खिडक्यांकडेही लक्ष ठेवावं. डिस्प्ले जाताच त्या उडी मारून लॅपटॉपच्या स्क्रीनवर आल्या, तर मॉनिटर काढून टाकला असं कॉम्प्युटरला वाटलं. म्हणजे सैल प्लग, रीस्टार्ट झालेला डॉक किंवा मॉनिटरची गेलेली वीज. खिडक्या जागच्या जागी राहिल्या तर फक्त चित्राचा सिग्नल तुटला.

## २. वीज

मॉनिटरला मागून लागणारी तीन पिनांची पॉवर कॉर्ड (सीपीयूला असते तीच) बहुतेक मॉडेलमध्ये खालून वर अशी खोचावी लागते. त्यामुळे कॉर्डच्या वजनानेच ती दोन-तीन मिलिमीटर खाली सरकते आणि टेबलाला धक्का लागला की संपर्क तुटतो. वर दाबून पक्की बसवा, आणि कॉर्ड स्टँडला चिकटपट्टीने बांधा म्हणजे वजन प्लगवर येणार नाही.

बाहेरचा अ‍ॅडॅप्टर असेल तर त्याची पिन जागेवरच हलवून बघा. दिवा लुकलुकला तर पिन किंवा सॉकेट ढिलं झालंय. बदली अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्ट मूळ आकड्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनची मापं व ध्रुवता (अधिक-उणे टोकं) जुळायला हवी. कुठे १९ व्होल्ट लागतात, कुठे १४, कुठे १२. ‘पिन बसते म्हणजे चालेल’ या हिशेबाने लावलेला अ‍ॅडॅप्टर कमी व्होल्टचा निघाला तर ब्राइटनेस वाढवताच डिस्प्ले जातो; जास्तीचा निघाला तर मॉनिटरच्या आतला बोर्ड जळू शकतो.

मग मॉनिटर एक्स्टेंशनवरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटात लावा आणि दोन दिवस तसाच चालवा. एकाच एक्स्टेंशनवर इस्त्री, मिक्सर, राउटर आणि मॉनिटर असतील तर निदान बाजूलाच ठेवा, आधी ते आवरा.

कागदावरच्या नोंदी इथे कामी येतात. पाण्याची मोटर सुरू होताना, फ्रिजचा कॉम्प्रेसर लागताना किंवा लाइट जाऊन इन्व्हर्टर लागताना डिस्प्ले जातो का? बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असतो. इकोवर असताना बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि कमी व्होल्टेजही तसंच पुढे सोडलं जातं. यूपीएसवर ठेवलं की हा त्रास बहुधा थांबतो. त्यात बॅटरी थोडी जास्त वापरली जाते, ते धरून चला.

अर्थिंगबद्दल: लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. फेज-अर्थ व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थ जेमतेम दोन-तीन व्होल्ट असावं. अर्थिंग नसेल तर मॉनिटर आणि लॅपटॉप यांच्यातला फरकाचा प्रवाह व्हिडिओ केबलच्या आवरणातून वाहतो, आणि सिग्नल बिघडतो.

## ३. पैसे न घालवता केबलची परीक्षा

केबल बदलण्याआधी तिच्यावरचा भार कमी करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा, वर तोच मॉनिटर निवडलाय ना ते बघा आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) उतरवा: १४४ किंवा १६५ असेल तर ६०, फोर-के ६० वर असेल तर ३०. मॅकवर हेच सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये मिळतं. फुल एचडी मॉनिटर आधीच ६० वर असेल तर रिझोल्यूशन उतरवून बघा.

एरवी जेवढ्या वेळात डिस्प्ले दोन-तीनदा जातो, तेवढा वेळ आता एकदाही गेला नाही, तर संशय केबलवर, कन्व्हर्टरवर किंवा डॉकवर पक्का होतो. कारण आकड्यांत आहे. एचडीएमआयवर फुल एचडी ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट लागतात. फोर-के ६० हर्ट्झला जवळपास १८. चौपट. डिजिटल सिग्नलमध्ये जुन्या व्हीजीए जोडणीसारखं चित्र हळूहळू पुसट होत जात नाही. चुका वाढत गेल्या की आधी फार तर चमचमणारे ठिपके दिसतात, मग मॉनिटरची सिग्नलवरची पकडच सुटते. दोन्ही बाजूंना पुन्हा ओळख-पाळख करावी लागते, आणि त्यातच ते एक ते तीन सेकंद जातात. जुन्या मॉनिटरवर वर्षानुवर्षं चाललेली केबल नव्या फोर-के मॉनिटरवर दगा देते ती याचमुळे. केबल खराब झालेली नसते, काम तिच्या कुवतीबाहेर गेलेलं असतं.

## ४. केबल

आता केबल बदला, पण त्याआधी आहे तीच केबल दोन्ही टोकांची अदलाबदल करून, दुसऱ्या पोर्टात लावून बघा. लॅपटॉपच्या बाजूचं टोक नीट पाहा: जाड, ताठ केबल पोर्टातून सरळ टेबलाखाली लोंबत असेल तर प्लग पोर्टात किंचित तिरका होतो, आणि लॅपटॉप सरकवला की डिस्प्ले जातो. केबलला टेबलावर थोडा ढील द्या. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत बरेच दिवस न वापरलेल्या पोर्टाच्या पिनांवर काट चढते. सगळं बंद करून प्लग पाच-सहा वेळा काढ-घाल करा. तेवढ्याने भागलं नाही तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावा आणि पूर्ण वाळू द्या.

नवी एचडीएमआय घेताना पाकिटावरच्या ‘२.०’, ‘२.१’ या आकड्यांवर जाऊ नका. केबलला असे आवृत्तीचे आकडे अधिकृतपणे देतच नाहीत. बघायची ती नावं: ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिट. दोन्हींच्या पाकिटावर स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. सोन्याचा मुलामा दिलेली टोकं, जाळीदार विणकाम, हा सगळा शृंगार. त्याने वेग ठरत नाही.

लांबी हा दुसरा सापळा. साध्या तांब्याच्या केबलने फोर-के ६० हर्ट्झ दोन मीटरपर्यंत निर्धास्त चालतं. पाच मीटरच्या पुढे ते नशिबावर असतं. लांबच जायचं असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कॉम्प्युटरला. उलटी ओढून भिंतीत गाडली तर प्लास्टर फोडावं लागतं.

डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलीत एक वेगळाच दोष सापडतो. या जोडणीतली २० क्रमांकाची पिन वीजपुरवठ्याची आहे, आणि दोन उपकरणं जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ती जोडलेली नसावी असा व्हेसा या मानक संस्थेचा नियम आहे. काही उत्पादक ती जोडतात. मग मॉनिटरमधून वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते: पीसी बंद केला तरी एखादा दिवा मिणमिणत राहतो, चालू करताना डिस्प्ले येत नाही. असं काही दिसलं तर केबल बदला, तपासत बसू नका.

## ५. कन्व्हर्टर, टाइप-सी आणि डॉक

मधला प्रत्येक तुकडा काढून मॉनिटर शक्य तितका थेट जोडा. थेट जोडल्यावर त्रास थांबला, तर गुन्हेगार सापडला.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते: कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय. उलट लावली तर चित्र येतच नाही, आणि त्यापायी चांगल्या केबली परत केल्या जातात. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरमध्ये चिप असते आणि ती एचडीएमआय पोर्टातून मिळणाऱ्या अगदी थोड्या विजेवर चालते. अर्ध्या तासाने हात लावल्यावर तो चटका देण्याइतका तापला असेल आणि डिस्प्ले तेव्हाच जायला लागत असेल, तर यूएसबीतून वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर आणा.

मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल दिसायला तीच असते, पण तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा बहुधा नसतातच. लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी पोर्टही चित्र देत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का पाहा, नाहीतर मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधा.

हब किंवा डॉकचं दुखणं बहुतेक वेळा विजेचं असतं. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील आणि तेवढाच चार्जर हबमधून जात असेल, तर हब त्यातले काही वॅट स्वतःला ठेवतो. बाहेरची हार्ड डिस्क खोचताच डिस्प्ले गेला आणि त्याबरोबर यूएसबी तुटल्याचा आवाज आला, तर हब रीस्टार्ट झालाय. मोठा चार्जर लावा किंवा हार्ड डिस्क थेट लॅपटॉपला जोडा.

## ६. खुर्चीवरून उठलात की काळा?

थट्टा वाटेल, पण हा खरा प्रकार आहे. गॅस-लिफ्टच्या ऑफिस खुर्चीवर बसताना किंवा उठताना स्थिर विजेचा झटका तयार होतो. तो व्हिडिओ केबल पकडते आणि मॉनिटर दोन सेकंद काळा पडतो. डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या मदतपानावर हे कारण नोंदवून ठेवलंय. कोरड्या हवेत, म्हणजे हिवाळ्यात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात, सिंथेटिक कपडे घातले असतील तर जास्तच. याच जातीचा त्रास ट्यूबलाइटचं किंवा पंख्याचं बटण दाबतानाही होतो.

खात्री करणं सोपं: काही दिवस प्लास्टिकची किंवा लाकडी खुर्ची वापरा. उपाय म्हणजे जाड आवरणाची आखूड केबल, दोन्ही टोकांना चिमट्यासारखे बसणारे फेराइट (विद्युत अडथळा शोषणारे गोळे), व्हिडिओ केबल पॉवर कॉर्डपासून वेगळी ओढणं, आणि चांगलं अर्थिंग. खुर्ची फेकायची गरज नाही.

## ७. सेटिंग्ज

मॉनिटरच्या मेनूत ‘ऑटो इनपुट’ किंवा ‘ऑटो सोर्स’ बंद करा आणि वापरत असलेलं इनपुट हाताने निवडा. दोन सोर्स जोडलेले असले की एक झोपेत-जागेपणी हालचाल करतो, आणि मॉनिटर लगेच तिकडे डोकावायला जातो. ‘इको’, ‘डीप स्लीप’, ‘ऑफ टायमर’ बंद करा. गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारं ‘फ्रीसिंक’ किंवा ‘अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक’ बंद करून एक दिवस बघा, विशेषतः डिस्प्ले फक्त गेम खेळताना जात असेल तर. काहीच लक्षात येत नसेल तर फॅक्टरी रीसेट, आणि मग मॉनिटरची पॉवर कॉर्ड भिंतीतून मिनिटभर काढून ठेवा. झोपेतून न उठणारे डिस्प्लेपोर्ट मॉनिटर बऱ्याचदा एवढ्यानेच ताळ्यावर येतात.

विंडोजमध्ये डिस्प्ले नेमक्या पाच-दहा मिनिटांनी जात असेल तर तो बिघाड नव्हे, स्क्रीन बंद करायची वेळ ठरवलेली आहे. ती पॉवर सेटिंगमध्ये बदला. काळा पडल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. बीप वाजून चित्र परत आलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे डिस्प्ले गेला त्याच मिनिटाची नोंद शोधा. ‘डिस्प्ले’ या सोर्सची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ड्रायव्हरने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तो पुन्हा सुरू केलाय. अशा वेळी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिरातीत येणारी सॉफ्टवेअर टाकू नका. पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या वीजजोडण्या आणि धूळही बघा.

ओटीटीवर सिनेमा सुरू करताना क्षणभर काळं होणं हा कॉपी-संरक्षणाचा भाग आहे. फक्त सिनेमाची चौकट काळी आणि बाकी स्क्रीन ठीक असेल, तरीही तेच.

## ८. दोष मॉनिटरच्या आतच असेल तर

दुसऱ्या केबलने, दुसऱ्या सोर्सने, दुसऱ्या सॉकेटवरही तेच होत असेल तरच या पायरीवर या.

ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा. त्याने डिस्प्ले जाणं कमी झालं किंवा थांबलं तर बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा बोर्ड थकलाय. चालू करताच दोन सेकंद चित्र दिसून काळं होणं हीही बॅकलाइटचीच खूण. एलईडीची एखादी पट्टी तुटली की बोर्ड स्वसंरक्षणासाठी उजेड बंद करतो. सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर सुरू होतो आणि तापल्यावर नीट चालतो, असं असेल तर पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) फुगले असण्याची शक्यता मोठी.

स्वतः उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत डीसी होतो तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होतो, आणि प्लग काढल्यावरही काही काळ मोठ्या कपॅसिटरमध्ये राहतो. दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा: बोर्ड की पॅनेल? कपॅसिटर, पॉवर बोर्ड, बॅकलाइट पट्टी यांची दुरुस्ती परवडते. पॅनेलच बदलायचं म्हणाला तर आधी नव्या मॉनिटरची किंमत बघा.

## ९. वॉरंटीत देताना

भारतात बऱ्याच कंपन्यांच्या मॉनिटरवर ३ वर्षांची वॉरंटी असते, पण आपल्या मॉडेलची कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर घालून बघा. सोबत न्यायच्या गोष्टी:

- बिलाची प्रत. ऑनलाइन घेतला असेल तर इनव्हॉइस. ऑर्डरचा स्क्रीनशॉट चालत नाही.
- डिस्प्ले जातानाचा व्हिडिओ, ज्यात पॉवर बटणाचा दिवा दिसतोय.
- मॉनिटरच्या मेनूतल्या माहितीपानाचा फोटो, ज्यात रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दिसतात.
- तुमची केबल आणि अ‍ॅडॅप्टर. हे विसरू नका. नाहीतर तुमचं मूळ कारण पुन्हा घरीच राहील.

जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-पावतीवर, सही करण्याआधी ती वाचा. ‘डिस्प्ले नाही’ असं लिहिलं असेल तर तंत्रज्ञ मॉनिटर लावतो, चित्र दिसतं आणि ‘ओके’ लिहून परत पाठवतो. ‘मधूनमधून काळा पडतो, साधारण अमुक वेळ चालल्यावर, या रिझोल्यूशनवर’ असं लिहायला लावा आणि मॉनिटर किमान एक दिवस सलग चालवून बघायला सांगा. वॉरंटी असूनही टोलवाटोलवी होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्या वेळी जॉबशीटचा नंबर आणि तारीख समोर ठेवा.